परत आलेल्यांचे स्मरण



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि आपण गेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. मेलेल्या माणसाची आठवण कशी जपायची, हे आपल्याला आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी शिकवले आहे. पण जो मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन जिवंत परत आला, त्याचा मान कसा ठेवायचा, हे आपल्याला कोणी शिकवले आहे का?

हा प्रश्न मनात आला तो आयर्लंडच्या काही सैनिकांमुळे. आयर्लंड हा छोटा देश आहे. १९६० च्या सुमाराला तेथील बहुतेक घरे आपल्या घरांसारखीच मिस्सा आणि रोझरीत वाढलेली होती. त्या वर्षी आयर्लंडने प्रथमच आपल्या सैन्याच्या मोठ्या तुकड्या परदेशी पाठवल्या. कोणाचा मुलूख जिंकायला त्या गेल्या नव्हत्या. संयुक्त राष्ट्रसंघाची निळी टोपी घालून, आफ्रिकेतील काँगो देशात शांतता राखण्यासाठी त्या गेल्या होत्या.

काँगोत काय घडले?

३० जून १९६० रोजी काँगो बेल्जियमच्या राजवटीतून स्वतंत्र झाला. पुरते दोन आठवडेही झाले नाहीत तोच, ११ जुलै रोजी, दक्षिणेकडील कटांगा प्रांत मोइझ चोंबे यांच्या नेतृत्वाखाली देशातून फुटून निघाला. कटांगा म्हणजे तांब्याचे भांडार. हिरोशिमावर पडलेल्या अणुबाँबसाठी लागलेले युरेनियमही मुख्यतः याच प्रांतातील शिंकोलोब्वे खाणीतून गेले होते. एवढी संपत्ती हातची जाऊ द्यायला अनेकांची तयारी नव्हती. बेल्जियन अधिकारी आणि पगारी परदेशी सैनिक चोंबे यांच्या पाठीशी उभे राहिले. देश तुटू नये, यादवी पेटू नये म्हणून राष्ट्रसंघाने सैन्य पाठवले. त्यात आयर्लंड, स्वीडन, इथिओपिया यांच्याबरोबर १९६१ पासून आपल्या भारताची एक संपूर्ण ब्रिगेडही होती.

शांतिसैनिकाचे काम इतर सैनिकांपेक्षा वेगळे असते. त्याला कोणी शत्रू नेमून दिलेला नसतो. दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये त्याने उभे राहायचे असते. बंदूक हातात असते, पण ती शक्यतो वापरायची नसते. तो आल्याने दोन्ही बाजूंना आनंद होतोच असे नाही. पुष्कळदा दोन्ही बाजू त्याच्याकडे संशयाने पाहतात.

८ नोव्हेंबर १९६० रोजी निएम्बा गावाजवळ अकरा आयरिश सैनिकांच्या गस्ती तुकडीवर बालुबा जमातीच्या लोकांनी हल्ला केला. नऊ जण मारले गेले, दोघे वाचले. शवपेट्या डब्लिनला आल्या तेव्हा सारे शहर रस्त्यावर लोटले. लोकांनी गुडघे टेकून प्रार्थना केल्या, आणि राष्ट्राने आपल्या मुलांना मोठ्या मानाने निरोप दिला. तसे होणे योग्यच होते.

त्यानंतर दहा महिन्यांनी दुसरी घटना घडली. सप्टेंबर १९६१ च्या सुरुवातीला सुमारे दीडशे आयरिश सैनिकांची एक कंपनी जादोव्हिल या खाणगावी पाठवण्यात आली. आज त्या गावाला लिकासी म्हणतात. तेथील युरोपीय रहिवाशांचे रक्षण करायचे, असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्या रहिवाशांनाच हे सैनिक नको होते. कंपनीचे प्रमुख कमांडंट पॅट क्विनलन यांनी हवा ओळखली आणि जवानांना खंदक खणायला लावले. उन्हात खणताना जवानांची कुरकूर झाली असेलही, पण पुढे त्याच खंदकांनी त्यांचे जीव वाचवले.

१३ सप्टेंबरच्या सकाळी एलिझाबेथव्हिल शहरात राष्ट्रसंघाच्या सैन्याने कटांगा सरकारविरुद्ध कारवाई सुरू केली. त्याच सकाळी जादोव्हिलला कटांगाच्या सैन्याने आयरिश छावणीवर हल्ला केला. त्या वेळी कंपनीतील बरेच जण उघड्यावर चाललेल्या मिस्साला बसले होते.

पाच दिवस लढाई चालली. समोर हजारोंच्या संख्येने सैनिक, त्यांचे तोफगोळे, आणि वरून गोळ्या झाडणारे एक जेट विमान. आयरिशांकडे हलकी हत्यारे, थोड्या उखळी तोफा आणि जुन्या मशिनगन. त्यांच्या मदतीला आयरिश, स्वीडिश आणि आपल्या गोरखा जवानांच्या तुकड्या पाठवण्यात आल्या, पण लुफिरा नदीच्या पुलावर त्या अडवल्या गेल्या. राष्ट्रसंघाचे काही जवान त्यात कामी आले. एका हेलिकॉप्टरने पाणी आणले, पण ते आधी पेट्रोल भरलेल्या डब्यांतून आलेले, पिण्याजोगे नव्हते. १७ सप्टेंबरला दारूगोळा संपला, पाणी संपले, मदतीची आशाही संपली. तेव्हा क्विनलन यांनी शरणागती पत्करली. त्यांच्या बाजूचे पाच जण जखमी झाले होते. मेला एकही नव्हता.

त्याच रात्री राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड हे चोंबे यांच्याशी युद्धबंदीची बोलणी करायला विमानाने निघाले होते. एन्डोला शहराजवळ विमान कोसळले आणि त्यांचा अंत झाला. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मरणोत्तर देण्यात आले.

जादोव्हिलचे कैदी ऑक्टोबरमध्ये सुटले आणि वर्षअखेरीस मायदेशी परतले. घरच्यांनी त्यांना कवटाळले असेल. पण सैन्यात त्यांच्या वाट्याला काय आले? क्विनलन यांनी आपल्या अनेक जवानांची नावे शौर्यपदकासाठी पाठवली होती. त्या लढाईसाठी एकालाही पदक मिळाले नाही. उलट 'जादोव्हिल जॅक्स' असे हिणवणारे नाव त्यांना चिकटले. शरण गेलेले ते हे, एवढाच त्याचा अर्थ. कित्येकांनी आयुष्यभर या विषयावर तोंड उघडले नाही. क्विनलन स्वतः १९९७ साली वारले. त्यानंतर आठ वर्षांनी, २००५ साली, अ‍ॅथलोन येथील लष्करी बराकीत स्मारकशिला बसवण्यात आली. २०१६ साली संपूर्ण कंपनीला गौरवपत्र मिळाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये खास पदके देण्यात आली. जे मधल्या छप्पन्न वर्षांत देवाघरी गेले, त्यांची पदके त्यांच्या घरच्यांनी स्वीकारली.

मेले असते तर?

बंधू-भगिनींनो, आता एक कठोर प्रश्न विचारू या. हे दीडशे जण खंदकात मरून पडले असते, तर त्यांना छप्पन्न वर्षे वाट पाहावी लागली असती का? निएम्बाच्या नऊ जणांसाठी जशी गर्दी झाली, तशी यांच्यासाठीही झाली असती. शवपेट्यांवर झेंडे आले असते, रस्त्यांना नावे मिळाली असती. त्यांची चूक म्हणायची तर एवढीच, की ते जगले.

येथे आपल्या स्मरणातील एक खोट उघडी पडते. शौर्य मोजायला आपण मृत्यूचे माप वापरतो. जो मेला तो शूर. जो परत आला त्याची आधी चौकशी होते. कोणी म्हणेल, सैनिकाने शेवटच्या श्वासापर्यंत लढावे, नाहीतर सैन्याचा धाक तो काय राहील? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धोका दिसताच हत्यार टाकणारे सैन्य कोणाचेही रक्षण करू शकणार नाही. पण जादोव्हिलच्या जवानांनी पाच दिवस झुंज दिली होती. सहाव्या दिवशी त्यांच्या मरणाने कोणाचा जीव वाचला असता? ज्यांच्या रक्षणासाठी ते आले होते त्या रहिवाशांना त्यांच्यापासून किंवा त्यांच्या शरणागतीपासून काहीच धोका नव्हता. मग उरले काय? देशाची आणि सैन्याची अब्रू. दीडशे आयांचे मुलगे तेवढ्यासाठी बळी द्यायचे का?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे आपल्याला मार्ग दाखवते. न्याय्य संरक्षणासाठीसुद्धा बळ वापरताना दोन गोष्टी पाहाव्यात, असे ती सांगते: यशाची काही खरी आशा आहे का, आणि होणारी हानी टाळू पाहिलेल्या हानीपेक्षा मोठी तर नाही ना? आशा संपल्यावर केवळ नावासाठी माणसे मारणे आणि मरू देणे, याला ती सद्गुण म्हणत नाही. आपल्या रक्तसाक्ष्यांचा आपण मोठा मान ठेवतो. तरीही, आरंभीच्या छळाच्या काळात काही जण आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे जाऊन मरण मागू लागले, तेव्हा ख्रिस्तसभेने त्यांना उत्तेजन दिले नाही. जीव देवाचा आहे. प्रेमापोटी तो द्यावा लागला तर द्यावा, पण मिरवण्यासाठी तो उधळू नये.

प्रत्येक मिस्सात कम्युनियनपूर्वी आपण, प्रभूने आपल्या छपराखाली यावे एवढी आपली योग्यता नाही, असे म्हणतो. हे शब्द मुळात एका सैनिकाचे आहेत. कफर्णहूमचा रोमन शताधिपती प्रभू येशूकडे आला, तो स्वतःसाठी काही मागायला आला नव्हता. त्याच्या हाताखालचा चाकर मरणाला टेकला होता, त्याच्या जिवासाठी तो आला होता. शंभर माणसांवर हुकूम चालवणारा हा अधिकारी एका चाकरासाठी परक्या जातीच्या गुरूपुढे लीन झाला. त्याच्या लौकिकाला त्यामुळे कमीपणा येतो का, हा हिशेब त्याने केला नाही. प्रभूला त्याच्या श्रद्धेचे आश्चर्य वाटले. आपल्या हाती सोपवलेल्या माणसांच्या जिवासाठी कमीपणा पत्करणे, हेही शौर्यच आहे. क्विनलन यांनी तोच कमीपणा पत्करला. आणि भाडोत्री मेंढपाळासारखे ते पळून गेले नाहीत. आपल्या जवानांबरोबरच कैदेत गेले.

मग प्राण देणाऱ्याचे काय?

याचा अर्थ मरण पत्करणारे चुकले, असा कोणी घेऊ नये. जादोव्हिलनंतर तीन महिन्यांच्या आत, ५ डिसेंबर १९६१ रोजी, त्याच कटांगात एलिझाबेथव्हिलजवळ आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी अवघ्या सोळा गोरखा जवानांसह रस्ता अडवून बसलेल्या सुमारे नव्वद जणांवर चाल केली. मानेत गोळ्या लागल्या तरी ते लढत राहिले आणि शेवटी कोसळले. वय सव्वीस. त्यांच्या त्या चढाईमुळे शहरातील राष्ट्रसंघाच्या मुख्यालयाला पडू पाहणारा वेढा टळला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. राष्ट्रसंघाच्या शांतिकार्यात हा मान मिळवणारे ते एकमेव भारतीय. त्यांच्या मरणाने इतरांचे प्राण वाचले, म्हणून ते मरण थोर. क्विनलन यांच्या शरणागतीनेही इतरांचे प्राण वाचले. एकाने जीव दिला, दुसऱ्याने नावलौकिक दिला. दोघांनी जे दिले ते आपल्याकडे सोपवलेल्या माणसांसाठी दिले.

पण शरणागती म्हणजे नेहमीच पुण्य, असेही नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा या गावी नेदरलँड्सचे शांतिसैनिक होते. राष्ट्रसंघाने ते गाव 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केले होते आणि त्या भरवशावर हजारो मुस्लिम निर्वासित तेथे आले होते. सर्ब फौजा आल्या तेव्हा शांतिसैनिक थोडे होते, हत्यारे अपुरी होती, मागितलेली पुरेशी हवाई मदतही मिळाली नाही. गाव पडले. त्यानंतर सुमारे आठ हजार पुरुष व मुलगे ठार करण्यात आले. छावणीत आश्रयाला आलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांच्या बाबतीत आपल्या राज्याचीही अंशतः जबाबदारी आहे, असे नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवले.

जादोव्हिल आणि स्रेब्रेनित्सा दिसायला सारखे आहेत: थोडे सैनिक, न आलेली मदत, मोठ्या फौजेपुढे माघार. फरक एकच, पण तो फार मोठा आहे. माघारीची किंमत कोणी मोजली? जादोव्हिलला ती सैनिकांनी स्वतः मोजली, कैदेने आणि पुढच्या अपमानाने. स्रेब्रेनित्साला ती आश्रयाला आलेल्यांनी मोजली. म्हणून सैनिक जगला की मेला, एवढ्यावरून त्याची पारख होत नाही. त्याच्या भरवशावर असलेल्यांचे काय झाले, हे पाहावे लागते. आणि तरीही, त्या डच तरुणांना दोष देताना आपली जीभ जरा आवरावी. त्यांना तेथे अपुऱ्या तयारीनिशी पाठवणारे आणि मदत न पाठवणारे दूर कचेऱ्यांत सुरक्षित बसले होते.

स्मरण खरे हवे

स्मरण करायचे तर ते पूर्ण सत्यासह करायला हवे. जादोव्हिलला आयरिश मेले नाहीत, पण समोरचे बरेच मेले. त्यांचा आकडा काहीशे सांगतात. कटांगात मिशनरींनी कित्येक वर्षे काम केले होते. तेव्हा हल्ला करणाऱ्यांतही बाप्तिस्मा घेतलेले अनेक जण असणार. एका बाजूला मिस्सा चालू आणि दुसऱ्या बाजूने, कदाचित तीच मिस्सा लहानपणी ऐकलेले तरुण, बंदूक रोखून येत आहेत, हे चित्र आपल्याला अस्वस्थ करायला हवे. त्यांच्याही आया रडल्या असतील. त्यांच्यासाठी अ‍ॅथलोनला शिला नाही, पण आपल्या प्रार्थनेत जागा असू शकते. क्रुसावरून प्रभूने मारेकऱ्यांसाठीही क्षमा मागितली, हे आपण विसरू नये.

निळ्या टोपीखालची सगळीच माणसे संत नसतात, हेही सत्य आहे. काँगोतच, पुढील एका मोहिमेत, काही शांतिसैनिकांनी तेथील स्त्रियांचे व मुलींचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले आणि २००५ साली राष्ट्रसंघाला त्याविषयी अहवाल प्रसिद्ध करावा लागला. रक्षकच भक्षक झाला की पाप दुप्पट होते. अशांची पापे झाकण्यासाठी स्मरण नसते. पण काहींच्या पापामुळे सर्वांची सेवा पुसून टाकणे हाही अन्यायच होईल. १९४८ पासून ४,४०० हून अधिक शांतिसैनिकांनी प्राण गमावले आहेत. जगातील अनेक मोहिमांत आजवर दोन लाखांहून अधिक भारतीयांनी सेवा केली आहे. १९८८ साली शांततेचे नोबेल पारितोषिक या शांतिसैनिकांना मिळाले, आणि २००३ पासून दरवर्षी २९ मे हा त्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्यांतील बहुतेक जण परत आले. गावात, शेतात, चाळीत, फ्लॅटमध्ये ते साधे जीवन जगत आहेत. त्यांनी थोपवून धरलेल्या लढाया कोणत्याच इतिहासात येत नाहीत, कारण त्या झाल्याच नाहीत.

आता आपल्याकडे पाहू या. आपल्याही घराघरांतून माणसे दूर जातात. कोणी सैन्यात, कोणी बोटीवर, कोणी आखाती देशांत. त्यातला एखादा शवपेटीतून आला तर सारे गाव गोळा होते. एखादा यश घेऊन आला तर त्याच्या घरी पेढे पोहोचतात. पण एखादा नुसताच परत आला, पदकाशिवाय, पैशाशिवाय, मनावर काही तरी ओझे घेऊन, तर त्याच्या वाट्याला काय येते? "एवढी वर्षे बाहेर राहून काय केलेस?" हा प्रश्न. तो मिस्साला मागच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद होताच निघून जातो. आयर्लंडला आपल्या दीडशे जणांकडे वळून पाहायला अर्धशतक लागले. आपल्या धर्मग्रामातील अशा माणसाकडे पाहायला आपण किती वर्षे घेणार आहोत?

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने आपले स्मरण करण्याची आज्ञा दिली. म्हणून प्रत्येक मिस्सा हे स्मरण आहे. पण ते केवळ मेलेल्या ख्रिस्ताचे स्मरण नाही. मेला आणि परत आला, त्या ख्रिस्ताचे आहे. परत आल्यावर त्याने शिष्यांना सर्वप्रथम शांतीचा आशीर्वाद दिला आणि हातांवरच्या खुणा दाखवल्या. शिष्यांनी त्या पाहिल्या, थोमाने तर बोट घालून पाहण्याचा हट्ट धरला, आणि प्रभूने त्याला जवळ बोलावले. परत आलेल्या माणसाचे स्मरण असेच सुरू होते. त्याच्याजवळ बसायचे, तो दाखवील त्या खुणा पाहायच्या, तो सांगेल ते ऐकायचे.

या महिन्यात दफनभूमीतून परतताना, ज्याने कधी निळी किंवा कोणतीही टोपी घालून सेवा केली आहे अशा एखाद्या माणसाच्या घरी जाऊन या. फार काही विचारू नका. चहा घ्या, बसा. आणि आपल्या कौटुंबिक रोझरीत ही एक विनंती घाला:

हे प्रभो, शांतीसाठी परक्या भूमीवर उभे राहिलेल्या सर्वांना तू ओळखतोस. जे तेथेच पडले त्यांना चिरविश्रांती दे. त्यांच्या हातून जे मेले त्यांनाही तुझ्या दयेत घे. आणि जे परत आले त्यांना आमच्यामध्ये मानाचे घर मिळू दे. आमेन.